धरून ठेवणे आणि विसरून जाणे

सुरत स्थानकावरून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती व्हॅली मार्गाच्या गाडीत बसले, की बारडोली, व्यारा, नंदुरबार, दोंडाईचा ही स्थानके मागे टाकीत ती अमळनेरला येते. आपल्या उधना-लिंबायत भागातील कितीतरी मराठी कुटुंबांची मुळे याच मार्गालगतच्या खानदेशी गावांत आहेत. साने गुरुजींनी जेथे अध्यापन केले, ते हे अमळनेर. परंतु अलीकडे आपल्या मंडळींत अमळनेरचे नाव निघते ते बहुधा वेगळ्याच कारणाने. "अमळनेरकरांनी विप्रोचे शेअर घेतले, विसरून गेले आणि कोट्यधीश झाले. आपणही एखादी लहान कंपनी पाहावी, पैसे घालावेत आणि विसरून जावे," असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

कथा खरी आहे. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. वैद्यकीय व्यवसायातील बंधुभगिनींपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने तेवढेच मांडावयाचे आहे.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापिली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. खानदेशातील भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप आणि जोडीला धुण्याचा साबण, असा तो साधा व्यवसाय होता. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि स्टॅनफर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परतले. "हे काम तुमच्याने होणार नाही, आपला हिस्सा एखाद्या अनुभवी माणसास विकून टाका," असे एका भागधारकाने त्यांना वार्षिक सभेत भर सभेत सुनावले होते. त्या भागधारकाचे म्हणणे त्या दिवशी कोणालाही अवाजवी वाटले नसते. पुढे आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा निर्माण झालेल्या पोकळीत ही वनस्पती तुपाची कंपनी संगणकाच्या व्यवसायात उतरली.

आता हिशेब पाहू. १९९७ मध्ये ज्याच्याकडे विप्रोचा दहा रुपये दर्शनी मूल्याचा एक समभाग होता, त्याला त्या वर्षी एकास दोन बोनस मिळाला आणि एकाचे तीन झाले. १९९९ मध्ये दर्शनी मूल्य दोन रुपये झाले आणि तिनाचे पंधरा झाले. २००४ च्या बोनसने ४५, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८००. बोनसने संपत्ती वाढत नाही, तीच भाकरी अधिक तुकड्यांत वाटली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे. संपत्ती वाढली ती भाकरी मोठी झाल्यामुळे, म्हणजे व्यवसाय वाढल्यामुळे.

चक्रवाढीचे गणित आणखी एक गोष्ट शिकविते. दरसाल १८ टक्के वाढ मिळाली, तर पंधरा वर्षांत शंभर रुपयांचे सुमारे १,२०० होतात आणि तीस वर्षांत सुमारे १४,३००. पहिल्या पंधरा वर्षांत हाती आलेले फळ दुसऱ्या पंधरा वर्षांच्या मानाने किरकोळच. अर्ध्या वाटेवर उतरणाऱ्याचे नुकसान होते ते यामुळे. येथवर धीराची महती सांगणाऱ्यांशी माझा वाद नाही.

वाद यापुढचा आहे. एका रुग्णाला एखाद्या औषधाने गुण आला, म्हणून आपण ते सर्वांना लिहून देत नाही. किती जणांना दिले, किती बरे झाले आणि किती दगावले, हे आपण आधी विचारतो. पैशाच्या बाबतीत मात्र आपण वाचलेल्या रुग्णाचेच वृत्त ऐकतो. ज्यांनी बुडालेल्या कंपन्यांचे समभाग तितक्याच निष्ठेने धरून ठेवले, त्यांच्या गोष्टी समारंभात कोणी सांगत नाही. विप्रोच्याच क्षेत्रातील सत्यम ही मोठी, नावाजलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या संस्थापकांनी हिशेबातील लबाडीची कबुली दिली आणि एका दिवसात भाव पाऊण हिश्श्याहून अधिक कोसळला. तेथील भागधारकांचा धीर काही कमी नव्हता.

खुद्द विप्रोतही वेळेचे महत्त्व होतेच. फेब्रुवारी २००० मध्ये तिचा भाव नऊ हजार रुपयांच्या वर गेला होता. त्या वेळी उत्साहाने शिरलेल्यास, पुढील सर्व बोनस जमेस धरूनही, तो भाव पंधरा वर्षांहून अधिक काळ पुन्हा दिसला नाही.

शिवाय अमळनेरचे सारेच भागधारक 'विसरून' गेले होते, असे मला वाटत नाही. कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. भुईमूग घेतला जातो की नाही, भोंगा वेळेवर होतो की नाही, हे गावाला कळत असे. २०१३ मध्ये साबण-तेलाचा व्यवसाय मूळ कंपनीपासून अलग झाला, तेव्हा भागधारकांपुढे पर्याय ठेवले गेले. विसरलेल्या माणसाने कोणता पर्याय निवडला असता?

विसरण्याची किंमत काय असते, हे मी घरात अनुभवले आहे. माझे वडील नोकरीतून वाचविलेल्या पैशांतून थोडे समभाग घेत आणि प्रमाणपत्रे कपाटात ठेवीत. त्याविषयी घरात बोलण्याची पद्धत नव्हती. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात तळमजल्यावरील ते कपाट भिजले. वडिलांच्या पश्चात आम्ही ती पुडकी उलगडली, तेव्हा काही कंपन्या अस्तित्वातच उरल्या नव्हत्या. एक मात्र चांगली वाढली होती. पण तिचा लाभांश कित्येक वर्षे कोणी घेतला नव्हता, पत्ता जुना होता, वारसाची नोंद नव्हती. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर कंपनी कायदा २०१३ नुसार समभागच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तसेच झाले होते. ते परत मागता येतात, हे खरे. परंतु वारसा दाखला, प्रतिज्ञापत्रे आणि सह्यांच्या त्या फेऱ्यांत आईची शेवटची दोन वर्षे गेली. ज्या पैशाने तिच्या उपचारास हातभार लागला असता, तो ती गेल्यानंतर आमच्या हाती आला.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. लहान कंपनीचा समभाग अवश्य घ्यावा, पण बुडाला तरी घराची घडी विस्कटणार नाही इतक्याच मात्रेत. दीर्घकाळ धरावा, पण मधुमेहाच्या रुग्णाप्रमाणे त्याची वर्षातून एकदा तरी नियमित तपासणी करावी. कर्ज वाढले का, चालकांनी आपला हिस्सा गहाण ठेवला का, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला, हे अहवालात वाचावे. जुनी कागदी प्रमाणपत्रे असतील तर ती डीमॅट करून घ्यावीत, कारण १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे सर्वसाधारण हस्तांतर बंद झाले आहे. आणि वारसाचे नाव नोंदवून, काय कोठे आहे ते पतीला, पत्नीला, मुलांना बसवून सांगावे.

रुग्णाचा केसपेपर आपण इतक्या काटेकोरपणे लिहितो. आपल्या स्वतःच्या घराचा केसपेपर मात्र बहुतेकांनी कोराच ठेवलेला असतो. ही स्मरणिका मिटल्यावर तो आजच लिहावयास घ्यावा, ही नम्र विनंती.