मत मागायला येणाऱ्याला जिनिव्हाचंही विचारा



निवडणूक आली की गावात उमेदवाराला काय काय विचारले जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हार-नारळ झाला की कोणी रस्त्याचे काढतो, कोणी कालव्याच्या आवर्तनाचे, कोणी रात्रीच्या विजेचे, तर कोणी सभामंडपाचे. हे प्रश्न खोटे नाहीत, ते विचारलेच पाहिजेत. परंतु लोकसभेच्या उमेदवाराला आपण जे विचारतो त्यातले निम्मे काम ग्रामपंचायतीचे किंवा जिल्हा परिषदेचे असते; आणि जे काम फक्त दिल्लीच करू शकते, त्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. ते काम म्हणजे परराष्ट्र व्यवहार. आपल्या राज्यघटनेने शेती हा विषय राज्यांकडे ठेवला, पण परदेशाशी करार, आयात, निर्यात हे सारे केंद्राकडे दिले. म्हणजे ऊस आपल्या शिवारात वाढतो, आणि साखर कोणत्या देशात जावी की जाऊच नये, हे दिल्लीत ठरते.

"परराष्ट्र धोरण म्हणजे मोठ्या लोकांचं काम, त्यात आपल्याला काय कळतंय?" असे पुष्कळ जण म्हणतील. उमेदवारालाही तेच सोयीचे असते. सभेत पाकिस्तान आणि चीनवर दोन टाळ्यांची वाक्ये टाकली की परराष्ट्र धोरण संपले! देशाच्या सीमेचा प्रश्न मोठाच आहे, त्यावर दुमत नाही. पण सीमेपलीकडच्या गोष्टी आपल्या उसाच्या बिलापर्यंत कशा येतात, हे एकदा नीट पाहावयास हवे.

पहिली गोष्ट जिनिव्हाची. जागतिक व्यापार संघटनेचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील या शहरात आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये भारताने करारावर सही केली आणि १ जानेवारी १९९५ पासून ही संघटना सुरू झाली. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन ऊस पिकवणाऱ्या देशांनी तेथे भारताविरुद्ध तक्रार गुदरली. तक्रार कशाबद्दल? निर्यातीला दिलेल्या अनुदानाबद्दल तर होतीच, पण आपल्या एफ.आर.पी.बद्दलही होती. १४ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या मंडळाने निकाल भारताच्या विरोधात दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकाला दिलेला आधार पिकाच्या मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त झाला, असे मंडळाचे म्हणणे. भारताने बाजू मांडली, की एफ.आर.पी. सरकार देत नाही, ती कारखाना देतो; मग ती सरकारी मदत कशी? मंडळाने हे मानले नाही. भाव सरकारने ठरवला म्हणजे तो आधारच, पैसे कोणाच्या का खिशातून जाईनात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

सभासद बंधूंनो, आपल्या हक्काची म्हणून जी रक्कम आपण धरतो, तिच्यावर आपण कधी न पाहिलेल्या गावात खटला चालला, आणि त्या काळात झालेल्या किती प्रचारसभांत कोणी हे नाव काढले? भारताने त्या निकालावर अपील केले. मात्र अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेले, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. तिकडे राष्ट्राध्यक्ष बदलले, सत्तेतला पक्ष बदलला, पण ही अडवणूक काही सुटली नाही. अपील म्हणजे कोर्टात न्यायाधीशच नाही अशी अवस्था. त्यामुळे निकाल अमलात आला नाही आणि रद्दही झाला नाही. डोक्यावर टांगत्या तलवारीसारखा तो राहिला.

दुसरी गोष्ट निर्यातीची. २०२१-२२ च्या हंगामात भारतातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली, तीही अनुदानाशिवाय. १ जून २०२२ पासून सरकारने निर्यातीवर बंधन घातले. पुढच्या हंगामात सुमारे ६० लाख टनांची परवानगी मिळाली, आणि २०२३-२४ ला जवळजवळ दारच बंद झाले. नेमक्या त्याच काळात, २०२३ च्या शेवटी, न्यूयॉर्कच्या बाजारात साखरेचा भाव बारा वर्षांतल्या उच्चांकावर होता. २०२५ च्या जानेवारीत १० लाख टनांची परवानगी आली, तेव्हा तो भाव बराच उतरला होता. शहरातल्या ग्राहकाला साखर महाग पडू नये, दुष्काळाने पीक घटेल, ही सरकारची काळजी अगदीच गैर होती असे नाही. पण हा निर्णय घेताना ऊसवाल्याचा तोटा कोणी मांडला का? आपल्या भागातून निवडून गेलेल्या सदस्याने सभागृहात तोंड उघडले का? हे विचारण्याचा आपणाला अधिकार आहे.

तिसरी गोष्ट खताची. उसाला लागणारे पोटॅश आपल्या देशात जवळजवळ निघतच नाही, ते रशिया, बेलारूस, कॅनडा अशा देशांतून येते. बेलारूसवर पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले, २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध पेटले, आणि त्या वर्षी पोटॅशचे पोते आपल्याकडे १७०० रुपयांवर गेले. युद्ध कुठे आणि बांधावरचा माणूस कुठे! तरी त्याचा खर्च आपल्या खात्यावर पडलाच. रशियाशी संबंध कसे ठेवायचे, अमेरिकेचे किती ऐकायचे, हा प्रश्न केवळ वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा नाही.

चौथी गोष्ट इथेनॉलची. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. आसवन्यांवर कारखान्यांनी कर्जे काढली आहेत, ती फेडायची आहेत. अमेरिकेचे सरकार मात्र आपल्या मक्याचे इथेनॉल इंधन म्हणून भारतात विकू द्यावे, असा आग्रह व्यापाराच्या बोलण्यांत धरत आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांपर्यंत नेला, त्यातला निम्मा रशियाकडून तेल घेतो म्हणून. अशा दाबाखाली बोलणी होतात तेव्हा काहीतरी देऊन काहीतरी घ्यावे लागते. देण्याच्या यादीत आपले इथेनॉल जाऊ नये, यासाठी कोण जागा राहणार?

देण्याघेण्याचे आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंडोनेशियाने २०२० च्या सुमारास भारतीय कच्च्या साखरेवरचा आयात कर कमी केला आणि आपली बरीच साखर तिकडे गेली. पण त्या बोलण्यांत त्यांना आपल्याकडे पामतेल विकायचे होते. पामतेल स्वस्त आले की सोयाबीन आणि भुईमूगवाल्याचा भाव पडतो. म्हणजे आपल्याला मिळालेला फायदा मराठवाडा-विदर्भातल्या भावाच्या खिशातून तर गेला नाही ना, हेही आपण पाहिले पाहिजे. सहकार म्हणजे केवळ आपल्या गटाचे भले नव्हे.

साखर आणि परराष्ट्र व्यवहार यांचे नाते नवे नाही. १९६० साली अमेरिकेचे क्यूबाशी बिनसले आणि अमेरिकेने क्यूबाची साखर घेणे थांबवले. रशियाने ती जादा भावाने घेतली. तीस वर्षे क्यूबाचा ऊसवाला एकाच गिऱ्हाइकावर जगला. ८० लाख टनांपर्यंत साखर होत होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि गिऱ्हाईकच नाहीसे झाले. २००२ साली त्या देशाला आपले जवळजवळ निम्मे कारखाने बंद करावे लागले. तिथल्या तोडणी कामगाराचा आणि शेतकऱ्याचा यात काय दोष होता? दुसऱ्यांनी ठरवलेल्या धोरणाचे ते धनी झाले.

आता पक्षांकडे वळू. यात कोणा एका पक्षाची बाजू घेण्याचा हेतू नाही, आणि आपल्या या पत्रिकेचे ते कामही नाही. पण इतिहास स्पष्ट बोलतो. व्यापार संघटनेच्या करारावर सही काँग्रेसच्या सरकारने केली. भाजपने आणि डाव्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे वाजपेयी सरकार आले आणि त्याच करारानुसार २००१ च्या एप्रिलपर्यंत आयातीवरची संख्येची बंधने उठवली. पूर्व आशियातील देशांच्या आर.सी.ई.पी. कराराची बोलणी २०१२ साली काँग्रेस आघाडीच्या काळात सुरू झाली. २०१९ मध्ये विरोधी बाकांवरून त्याच पक्षाने त्याला विरोध केला. थोडक्यात, विरोधात असताना जो 'नको' म्हणतो तोच खुर्चीवर बसला की 'करावंच लागतं' म्हणतो. शेतकरी नेत्यांत तरी एकमत होते का? डंकेल प्रस्तावाच्या वेळी आपले शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले, तर कर्नाटकचे नंजुंडस्वामी त्याच्या विरोधात. दोघेही शेतकऱ्याच्याच हिताचे बोलत होते.

सबब उमेदवाराला "तुम्ही बाजूने की विरोधात?" एवढेच विचारून भागणार नाही. तो वाऱ्याची दिशा पाहून उत्तर देईल. नेमके विचारावे लागेल. माझ्या मते पुढील पाच प्रश्न पुरे आहेत :

१) एफ.आर.पी.विरुद्धच्या निकालाची आपल्याला माहिती आहे का, आणि त्यावर आपल्या पक्षाचे म्हणणे काय?

२) साखर निर्यातीचे धोरण हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावे, मध्येच फिरवू नये, यासाठी आपण काय कराल?

३) परदेशी इथेनॉल इंधनासाठी येऊ देण्यास आपला विरोध राहील का? पक्षाचा आदेश वेगळा आला तर?

४) खतासाठी दोन-तीन देशांवरच अवलंबून राहणे कमी कसे करणार?

५) परदेशाशी झालेला करार मंजुरीसाठी संसदेपुढे आणण्याचे बंधन आज सरकारवर नाही. निदान शेतीला लागू होणाऱ्या करारांची चर्चा आधी संसदेत व्हावी, असे आपण मागाल का?

हे विचारताना आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. निर्यात मोकळी पाहिजे, आयातीवर मात्र १०० टक्के कर पाहिजे, एफ.आर.पी. दरवर्षी वाढली पाहिजे, आणि जगात कोणी तक्रारही करू नये, असे चारी बाजूंनी होत नसते. जो उमेदवार या चारही गोष्टी एका दमात कबूल करील, तो आपल्याला फसवतो आहे असे खुशाल समजावे. याउलट, "हे जमेल, ते जमणार नाही, त्याची कारणे अशी" असे जो सांगेल, त्याचे उत्तर न आवडले तरी त्याला मान द्यावा.

कोणी म्हणेल, एकट्या सदस्याचे दिल्लीत काय चालते? काही अंशी खरे आहे. पण आर.सी.ई.पी.च्या वेळी देशभरातल्या सहकारी दूध संघांनी आवाज उठवला, न्यूझीलंडच्या दूध भुकटीचा धोका सरकारला समजावून दिला, आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारत त्या करारातून बाहेर राहिला. कारणे इतरही होती, परंतु दूधवाल्यांचा आवाज त्यात होता, हे नाकारता येणार नाही. दूधवाल्याला जमले ते ऊसवाल्याला का जमू नये?

गावोगावच्या विकास सोसायट्यांनी, शेतकरी मंडळांनी हे प्रश्न कागदावर उतरून घ्यावेत. कोणत्याही पक्षाचा उमेदवार येवो, त्याला चहा द्यावा, पाहुणचार करावा, आणि हा कागद पुढे ठेवावा. उत्तर सर्वांसमक्ष घ्यावे आणि लिहून ठेवावे. पाच वर्षांनी तो पुन्हा येईल, तेव्हा तो कागद आपल्याजवळ असला पाहिजे. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो, तशीच ही पावतीही जपावी.

जय सहकार!