पन्नास डॉलरचे बूट

फँटसी म्हणजे वास्तवापासून पळ, असं ठासून सांगणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. त्यातले बरेच जण टेरी प्रॅचेटच्या वाटेला कधी गेलेले नसतात. थाळीसारखं चपटं जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका महाकाय कासवावर आणि कासव अंतराळात पोहतंय, एवढं ऐकूनच ते पुस्तक मिटतात. कूर्म आणि दिग्गजांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्यांनी खरं तर एवढं बिचकायचं कारण नाही.

हा इंग्रज लेखक सतराव्या वर्षी शाळा सोडून बकिंगहॅमशरमधल्या स्थानिक वर्तमानपत्रात उमेदवारीला लागला. पुढे सरकारी वीज मंडळात जनसंपर्क अधिकारी झाला. अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना ‘काळजीचं काही नाही’ असं सांगत राहणं, ही त्याची नोकरी! या चपट्या जगाच्या, म्हणजे डिस्कवर्ल्ड मालिकेतली पहिली कादंबरी 1983 साली आली ती ही नोकरी सांभाळूनच. 1987 मध्ये त्याने ती सोडली. मालिकेच्या कादंबऱ्या भरल्या एकूण 41. अल्झायमरने टंकलेखन अशक्य केलं तेव्हा तो तोंडी मजकूर सांगू लागला आणि 2015 मध्ये गेला.

माझ्या मते त्याची फँटसी घडली ती याच रुक्ष खुर्च्यांवर. फँटसीकार टॉल्किनच्या जगात भाषा आहेत, वंशावळी आहेत. प्रॅचेटच्या जगात शहराचा कारभार आहे. अँख-मॉरपॉर्क शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या याचा कोटा ठरलेला, चोरी झाली की रीतसर पावती मिळते, आणि विनापरवाना चोराचा बंदोबस्त संघच करतो. ‘गोइंग पोस्टल’मध्ये एका भामट्याला फाशीऐवजी पोस्टमास्तरकी मिळते. न वाटलेल्या पत्रांनी पोस्टाची इमारत इतकी कोंबलेली की भिंती कुठे संपतात ते कळू नये. सरकारी कचेरीत चार हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे कपोलकल्पित वाटणार नाही.

पण खरा प्रॅचेट भेटतो तो 1993 च्या ‘मेन ॲट आर्म्स’मधल्या बुटांच्या हिशेबात. रात्रपहाऱ्याचा कप्तान सॅम व्हाइम्स, पगार महिना 38 डॉलर. चांगले बूट 50 डॉलरना, म्हणून तो दहावाले घेतो. ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत श्रीमंत माणूस पन्नासवाला एकच जोड वापरतो. गरिबाचे त्याच काळात शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. वर त्या झिजलेल्या तळव्यांचा एक फायदाही प्रॅचेट दाखवतो. पायाखालचे दगड चाचपून व्हाइम्सला अंधारातही कळतं, आपण कोणत्या गल्लीत आहोत. अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात अशी गल्ली सापडायची नाही. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये महागाई भडकली, तेव्हा कमी पैशातल्या स्वयंपाकाविषयी लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी स्वस्तातल्या स्वस्त वस्तूंच्या भाववाढीचा माग घेणारा निर्देशांक काढायचं ठरवलं. नाव दिलं व्हाइम्सच्या बुटांचंच, प्रॅचेटच्या वारसांच्या संमतीने.

आता वाचायचं कुठून? पहिल्या पुस्तकापासून मुळीच नको. सुरुवातीच्या दोन कादंबऱ्या बऱ्याचशा विडंबनाच्या आहेत, आणि ज्यांचं विडंबन आहे ती पुस्तकं आपण सहसा वाचलेली नसतात. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या; व्हाइम्स तिथेच पहिल्यांदा भेटतो, गटारात, तर्र अवस्थेत. इंग्रजी कोट्या काही हुकतील, हुकू द्यात. तळटीपा मात्र गाळू नका, निम्मी गंमत तिथेच आहे.