मधल्या पायऱ्या कोठे आहेत?

मुंबईच्या के. ई. एम., नायर किंवा शीव रुग्णालयाच्या दारात सकाळी उभे राहावे आणि केसपेपरसाठी लागलेली रांग डोळे भरून पाहावी. मोखाड्यापासून कोकणापर्यंतचा महाराष्ट्र त्या रांगेत उभा असतो. मेंदूत गाठ झालेला रोगी तेथे असतो आणि खरजेने हैराण झालेलाही असतो. ज्या रुग्णालयांनी दुर्धर रोगांशी झुंज घ्यावयाची, त्यांनाच खोकल्याचे औषधही द्यावे लागते. लोक अडाणी म्हणून येथे गर्दी करतात, असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे: त्यांनी जावे तरी कोठे?

कागदावरची रचना निर्दोष आहे. भोर समितीने १९४६ सालीच तिचा आराखडा मांडला आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पाच हजार वस्तीला उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांना ग्रामीण रुग्णालय. त्यावर उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय आणि शिखरावर वैद्यकीय महाविद्यालये! डोंगरी व आदिवासी मुलखासाठी हेच प्रमाण तीन, वीस आणि ऐंशी हजार. जिना उत्तम आहे. पण त्याच्या मधल्या पायऱ्याच निखळल्या असतील तर चढणाऱ्याने काय करावे?

बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला म्हणजे घटका मोजल्या जातात. प्राथमिक केंद्र तिला ग्रामीण रुग्णालयात धाडते. तेथे शस्त्रक्रियागृह असते, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. डॉक्टर असला तर रक्त नसते. मग ‘पुढे न्या’ हा एकच मंत्र! १०८ क्रमांकाची गाडी २०१४ पासून धावते आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु गाडी म्हणजे उपचार नव्हे. दारोदार हिंडवणाऱ्या गाडीत आई दगावली, तर तिचा मृत्यू कोणत्या पायरीच्या नावे मांडायचा?

खालची पायरी म्हणजे हलकी पायरी, हा समजही आता सोडावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकवली. एकोणचाळीस गावांत हजारी बासष्ट असलेला नवजात-मृत्युदर पंचविसांच्या घरात आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे जगापुढे ठेवले. हे काम कोणत्याही संगमरवरी इमारतीने केलेले नाही. घरापर्यंत चालत गेलेल्या माणसाने ते केले.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्याच्या खर्चाचा दोन-तृतीयांश वा अधिक भाग प्राथमिक सेवेला द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. पण नव्या रुग्णालयाची कोनशिला बसवताना जो समारंभ होतो, तो भूलतज्ज्ञाची जागा भरताना होत नाही, आणि सारे दुखणे तेथेच आहे!

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असावेत, त्यांना राहावयास घर असावे, रक्तसाठा असावा. आणि रोगी पुढे धाडण्याआधी पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी जावा. नवे मजले मागाहून चढवा. आधी या पायऱ्या बसवा!