हजेरी गेली, धाक राहिला

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. अण्णाभाऊंचं वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, १९४९ पूर्वी ते साताऱ्यात होतं. कादंबरीतली हजेरी ही काही कल्पना नव्हे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीनं त्यांची लेकरंही आईबापांपासून तोडायची मुभा सरकारला मिळाली.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. संशय मात्र राहिला. आजही कुठे चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालाकडे वळते. आपण याला पोलिसांचा विषय समजतो. मला तो तितकाच आरोग्याचा वाटतो.

बघा ना. एक पोर संशयावरून उचललं गेलं आणि बाकीच्यांनी भीतीनं मुक्काम हलवला, तर धाकट्याचा लसीचा डोस चुकतो, गरोदर बाईची तपासणी राहते, कुणाच्या टीबीच्या गोळ्या मध्येच सुटतात. ज्याला ठाण्याची धास्ती, तो सरकारी दवाखान्याची पायरी तरी कुठल्या भरवशावर चढणार?

आणि त्या पोराचं काय? २०१५ चा बाल न्याय कायदा चांगला आहे. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत टाकायचं नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. पण वय ठरवायचं कसं? शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला. पालावर जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या मुलाकडे दोन्ही नसतात. मग हाडांची तपासणी, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. सतराचं पोर एकोणीसचं ठरलं की थेट मोठ्यांचा तुरुंग!

विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात बजावलं, हे फार बरं झालं. पण निकाल पालापर्यंत पोचायला वेळ लागतो. दाखला मात्र आजही पोचू शकतो. बाल न्याय कायद्याच्या ५३ व्या कलमात संस्थेतल्या मुलांना द्यायच्या सेवांमध्ये जन्मनोंदणीही आहे. म्हणजे संस्थेत आल्यावर दाखला! तो जन्मल्यावरच का नको? २१ दिवसांत नोंद केली तर फी लागत नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि फिरस्त्या आईला तिथं कोण उभं करणार?

आपल्या नात्यागोत्यात शिक्षक, नर्सबाई, ग्रामसेवक पुष्कळ आहेत. गावाबाहेर पालं पडली की तिथल्या तान्ह्या बाळाची नोंद झाली का, एवढं एकदा विचाराल? लसही त्याच फेरीत देता येईल.