घराआधी गल्ली बघा



एप्रिल-मे महिना आला की शाळेच्या ऑफिसात दोन प्रकारचे पालक दिसू लागतात. काही जण शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात, तर काही जण दुसऱ्या गावचा दाखला घेऊन प्रवेश मागायला येतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाला चाकणच्या कंपनीत काम लागलेले असते, कुणी मोठ्या मुलाच्या कॉलेजसाठी गाव सोडलेले असते. बीड, परभणी, लातूर, जळगावकडून पुण्यात येणारी ही कुटुंबे. "घर कुठे घेतले?" असे विचारले की उत्तर बहुधा दोनपैकी एक असते. "तिकडे आपले लोक आहेत, मशीद जवळ आहे," किंवा "यांच्या कामाला जवळ पडते."

दोन्ही कारणे योग्यच आहेत, पण पुरेशी नाहीत. कमावणारा माणूस सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री आठला परततो. त्या वस्तीत खरे राहतात ते बाकीचे: घर चालवणारी बाई, शाळेत जाणारी मुले, गुडघे दुखणाऱ्या अम्मी, दम्याचा त्रास असलेले अब्बा. तेव्हा वस्ती निवडताना मोजमाप त्यांच्या पावलांनी करायला हवे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांना कुठे कुठे जावे लागेल आणि तिथे त्यांना एकट्याने, पायी, निर्धास्तपणे जाता येईल का, हा पहिला प्रश्न.

मी शिक्षिका असल्यामुळे शाळेपासून सुरुवात करते. उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळा मोहल्ल्यात सापडतात, माध्यमिक शाळा मात्र कमी असतात. घर घेताना मुलगी तिसरीत असते, शाळा समोरच असते, सगळे खूश असतात. चार वर्षांनी ती सातवी पास होते आणि हायस्कूल दोन बस बदलून जावे इतके लांब असल्याचे तेव्हा लक्षात येते. मग "एक वर्ष थांबू, बघू" असे म्हणतात. ते एक वर्ष पुढे कधीच संपत नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी केवळ रस्त्यामुळे घरी बसते. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घरात शिक्षणाला कुणाचा विरोध नव्हता, फक्त घर बघताना आठवीचा विचार कुणी केला नव्हता. म्हणून माझा सल्ला असा की आधी हायस्कूल शोधा, मग त्याच्या भोवती घर शोधा. माध्यम बदलायचे असेल तर तोही निर्णय घर घेण्याआधी घ्या. पाचवीपर्यंत उर्दूत शिकलेल्या मुलाला एकदम इंग्रजी शाळेत बसवले तर पहिले वर्षभर तो गप्प बसतो, आणि घरचे समजतात की मुलगा कच्चा आहे.

दाखल्याची काळजी मात्र करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, आधीच्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा पालिकेच्या शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही. रेशनचेही तसेच. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे गावचे कार्ड असले तरी आधारच्या आधारे शहरातल्या दुकानातून धान्य उचलता येते. तेवढ्यासाठी अर्धे कुटुंब गावी ठेवण्याची गरज नाही.

आता 'आपले लोक' या मुद्द्याकडे येऊ. पुण्याचेच उदाहरण घेते. मोमिनपुरा, भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्प ही जुनी ठिकाणे. कॅम्पात आझम कॅम्पस आहे, शाळेपासून कॉलेजपर्यंत सगळे एका आवारात. पण घरे जुनी, लहान आणि भाडे चढे. पेठांतून आणि कॅम्पातून बाहेर पडलेली अनेक कुटुंबे कोंढव्याला गेली. तिथे मशिदी, मकतब, हलाल गोश्तची दुकाने, रमजानची रौनक सारे आहे. पण नोकरी हिंजवडीला असेल तर अंतर पंचवीसेक किलोमीटर पडते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बापाची मुलांशी गाठ फक्त रविवारी पडते. पिंपरी-चिंचवडकडे काम असणाऱ्यांनी बोपोडी, खडकी, कासारवाडी हा मेट्रोच्या मार्गावरचा पट्टा एकदा तरी पाहावा. "पुण्यात मुसलमान म्हणजे कोंढवा" एवढेच गावाकडे माहीत असते, म्हणून सगळे तिकडेच धावतात.

मोहल्ल्याचे फायदे मी नाकारत नाही. नव्या शहरात मध्यरात्री कुणी आजारी पडले तर दार ठोठवायला माणूस लागतो. मय्यत झाली तर गुस्ल, कफन, दफनापर्यंत सगळे जमातीची माणसे सांभाळतात. मुलांना मकतबला पाठवायला कुणी सोबत लागत नाही. हे सुख पैशांत मोजता येत नाही. पण त्याच सुखाची किंमत घरमालकही ओळखून असतो. दुसरीकडे घर मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे तो अंधाऱ्या दोन खोल्यांचे भाडे मनाला येईल ते सांगतो. नळाला पाणी नसते, जिना अरुंद असतो, इमारतीला परवानगी आहे की नाही हे कुणी विचारत नाही.

परवानगीचा प्रश्न जिवाशी येतो. मुंबईत 1992-93 च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे मुंब्र्याकडे सरकली आणि मागणी वाढली तशा घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. काम पुरे होण्याआधीच त्या इमारतीत लोक राहायला आले होते. स्वस्त आहे, आपल्या लोकांत आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे, हे भाडेकरूनेही विचारावे. मालक चिडला तर दुसरे घर बघावे.

दुसऱ्या बाजूचा अनुभवही तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर सगळे ठरते, भाडे पटते, आणि नाव सांगितले की "आत्ताच दुसऱ्या पार्टीला दिले" असे उत्तर येते. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळणे अवघड जाते, ही गोष्ट 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेली आहे. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही, पण दोन गोष्टी सांगते. एक, एजंटला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा आणि घरात मटण-मासे शिजतात हेही सांगा. ज्याला द्यायचे नाही तो तिथेच थांबेल, तुमचे भाडे आणि दिवस वाचेल. दोन, सुरुवातीच्या फेऱ्यांना मुलांना सोबत नेऊ नका. दारातून परतताना बापाचा चेहरा मुलाने बघितला की तो चेहरा त्याच्या मनात राहतो. घर पक्के व्हायची वेळ आली की मग सगळ्यांना न्या.

आणि नकार मिळाले म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. मिळून-मिसळून राहण्याच्या वस्तीत आपली कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. ईदचा शीरखुर्मा खाली जातो, दिवाळीचा फराळ वर येतो. कुराणात सूरह निसामध्ये जवळच्या शेजाऱ्याशी आणि परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आधी विचारले ते हे की आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा दिला का. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही, हे आपल्या दीनने शिकवले आहे. तेव्हा अशा वस्तीत घर मिळत असेल, मुलांची शाळा पायी अंतरावर असेल आणि मशीद रिक्षाने दहा मिनिटांवर असेल, तर घाबरून नाही म्हणू नका. मकतबची सोय कशी करायची आणि तरावीहला कुठे जायचे हे मात्र आधी ठरवा. "बघू नंतर" म्हटले की मुलांचे कुराण मागे पडते.

घर बघायला कधी जावे? एजंट रविवारी दुपारी नेतो, तेव्हा सगळ्याच गल्ल्या शांत असतात. तुम्ही सकाळी शाळेच्या वेळी एकदा जा आणि रात्री दहाला एकदा जा. रस्त्यावर दिवे आहेत का, कोपऱ्यावर कोण उभे असते, बाया त्या वेळी ये-जा करतात का, ते बघा. जमल्यास पावसाळ्यात बघा, कारण कोणत्या गल्लीत पाणी तुंबते हे उन्हाळ्यात कळत नाही. माहिती एजंटला विचारू नका. किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला, शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघणाऱ्या आयांना विचारा. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, टँकर लागतो का, त्याचे पैसे भाड्यात की वेगळे? पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे आली, पण पालिकेत नाव आले म्हणजे नळाला पाणी आले असे नाही. टँकरचा खर्च धरला तर स्वस्त घर महाग पडते. आणि हे प्रश्न विचारायला घरातल्या बाईने स्वतः जावे. दूध, दवाखाना, बसथांबा, पिठाची गिरणी यांचे अंतर तिच्याइतके कुणाला मोजता येणार?

आता कागदपत्रे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे" असे सांगतात, ते खरे नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. नोंदणी आता घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे कामही मालकाचे, ते झाले की नाही ते विचारून घ्या. नोंदणी केलेला करार हा तुमचा पत्त्याचा पुरावा आहे. शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करताना घर ते शाळा अंतर बघतात, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. अल्पसंख्याक शाळांना ही तरतूद लागू नाही, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट दीनी बाजूने. 'हेवी डिपॉझिट' देऊन बिनभाड्याचे किंवा नाममात्र भाड्याचे घर घेण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत बरीच आहे. मोठी रक्कम मालकाला वापरायला द्यायची आणि बदल्यात फुकट राहायचे, यात कर्जावर फायदा घेणे येते, म्हणून अनेक उलेमा त्याला मनाई करतात. असा व्यवहार करण्याआधी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. रक्कम मोठी असल्याने ती बुडण्याचा धोकाही मोठा, हे दुनियेच्या हिशेबानेही खरे आहे.

हिजरतनंतर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदीनेत पोचले तेव्हा तेही काही महिने दुसऱ्याच्या घरी राहिले. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरात ते खाली आणि अबू अय्यूब वर राहत. एकदा वर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली गळून त्रास होऊ नये म्हणून त्या पती-पत्नीने अंगावर घ्यायच्या एकुलत्या एका चादरीने ते पाणी टिपून घेतले. आज फ्लॅटमधली निम्मी भांडणे वरून गळणाऱ्या पाण्याचीच असतात.

म्हणून, अरबीत एक म्हण आहे, आधी शेजारी, मग घर, ती दोन्ही बाजूंनी वाचावी. चांगला शेजारी आपण शोधतोच, पण समोरच्या दारालाही एक नवा शेजारी मिळणार असतो. यंदा ज्यांचे सामान बांधले जात आहे त्यांनी घरातल्या सगळ्यांना एकदा एकत्र बसवावे आणि प्रत्येकाला विचारावे, तुला रोज कुठे जायचे आहे? अम्मींना विचारावे, आठवीत जाणाऱ्या मुलीला तर नक्कीच विचारावे. त्या उत्तरांतून वस्ती ठरवावी, भाडे त्यानंतर. अल्लाह सर्वांना बरकतीचे घर आणि नेक शेजार देवो. आमीन.