आपल्याच माणसाकडून घेतलीय, मग कागद कशाला?

मंडळी, आज थोडं रागावून लिहितोय. आमच्या काही नातेवाईकांना वाटेल की हे आपल्यालाच उद्देशून आहे. बरोबर वाटेल. आहेच ते त्यांना उद्देशून!

निमित्त झालं नातवाच्या स्कूटरचं. गेल्या वर्षी कॉलेजसाठी त्याला गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत नाही असं नाही, पण शिकेपर्यंत जुनीच बरी, असं सगळ्यांचं ठरलं. कराडला मेहुण्यांच्या ओळखीत एक सहा वर्षांची स्कूटर निघाली. भाव ठरला, चहा झाला, किल्ली हातात आली. मी विचारलं, "फॉर्म २९ आणि ३० कुठे आहेत? इन्शुरन्स कधीपर्यंत आहे?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी लग्नाच्या पंगतीत जेवणाचं बिल मागितलं.

मेहुणे हसून म्हणाले, "दाजी, तुमची मास्तरकी अजून सुटली नाही. आपल्याच माणसाकडून घेतोय. नाव काय, करू सावकाश."

हे जे 'करू सावकाश' आहे ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

हे भांडण पुस्तकी नाही. २००९ साली मी माझी स्कूटर विकली. घेणारा चांगला ओळखीचा, रोज नमस्कार करणारा माणूस. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि 'तुमच्या सोयीनं नाव लावून घ्या' असं मोठ्या मनानं सांगितलं. तीन वर्षांनी अपघात न्यायाधिकरणाची नोटीस दारात आली. माझी स्कूटर त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला विकली होती. त्या तिसऱ्यानं एका भाजीवाल्या बाईंना धडक दिली. पाय मोडला होता त्यांचा. विमा केव्हाच संपलेला, आणि आर. सी. बुकावर नाव माझं!

मी काय केलं सांगू? वकिलाला म्हणालो, "गाडी माझी नाही, माझा काय संबंध?" तारखेच्या दिवशी त्या बाई कुबडी घेऊन बाकावर बसलेल्या दिसल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण कागदावर मीच होतो. चौतीस वर्षं मुलांना 'आपल्या कामाची जबाबदारी घ्या' असं शिकवणारा मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेवटी तडजोड झाली, पैसे गेले. पैशांचं दुःख वर्षभरात विसरलो. ते खिडकीबाहेर बघणं अजून विसरलेलो नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आर. टी. ओ. ला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घेण्यासाठी अर्ज करायचा. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे अगदी स्पष्ट केलं. तिथेही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती. न्यायालय म्हणालं, नोंद ज्याच्या नावावर, कायद्यानं मालक तोच. जखमी माणसानं गाडीचे एकेक मालक शोधत गावोगाव फिरायचं का? मला तर हा न्याय अगदी पटतो. माझ्याविरुद्ध जात असूनही पटतो.

मंडळींचं दुसरं म्हणणं असं की आर. टी. ओ. मध्ये हेलपाटे पडतात, एजंट पैसे घेतो. कबूल! पण घराची किंवा जमिनीची खरेदी केली की हीच मंडळी कचेरीत दिवस दिवस उभी राहतात ना? मग स्कूटरला का नाही? कारण ती स्वस्त आहे. पण तिच्याखाली येणारा माणूस स्वस्त नसतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिसरं म्हणणं सगळ्यात लाडकं: "कागद मागितला की माणूस दुखावतो." मी उलट म्हणतो. कागद नीट केला की उद्या घेणाऱ्याच्या चुकीचा ताप विकणाऱ्याला होत नाही. म्हणजे कागद करणं हा त्याचा अपमान नसून त्याची काळजी आहे. माझ्या त्या नमस्कारवाल्या माणसानं एवढी काळजी केली असती, तर आजही आमचं बोलणं राहिलं असतं.

असो. कराडला मी हट्ट धरून बसलो. बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. बुकात बँकेच्या कर्जाची नोंद निघाली. कर्ज फिटलेलं होतं, पण बोजा कोणी उतरवलाच नव्हता. त्यासाठी बँकेची एन. ओ. सी. आणि फॉर्म ३५ लागतो. विमा दीड महिन्यापूर्वी संपलेला. नवी गाडी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरलेला असतो, मग लोक सहाव्या वर्षी विसरूनच जातात. ७५ ते १५० सी. सी. च्या दुचाकीला थर्ड पार्टीचा २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, वर जी. एस. टी. एवढ्यासाठी माणसं उघड्यावर फिरतात!

मेहुणे म्हणाले, "आज घेऊन जाऊ दे त्याला, पोचल्यावर भरा." कराड ते सातारा पन्नासेक किलोमीटर, हायवे, त्यात रस्त्याचं काम चालू. पोराला गाडीची सवय नाही, गाडीला पोराची नाही. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर गाडीच्याच वयाचा आकडा होता आणि बाजूला बारीक भेगा. ब्रेक दाबला तर लिव्हर मुठीला टेकत होता. आणि ही गाडी 'पोचल्यावर बघू'!

मी गाडी तिथेच ठेवली. दहा दिवसांनी एन. ओ. सी. आली. फॉर्म भरून सह्या झाल्या, विमा उतरवला, पी. यू. सी. काढली. मागचा टायर आणि ब्रेक शू बदलले. मग सकाळी सातला नातू निघाला, डोक्याला आय. एस. आय. चं हेल्मेट. आधी गल्लीत चार फेऱ्या, हळू वेगात ब्रेक तपासून. पेट्रोल, हवा, दिवे, इंडिकेटर बघून मग हायवे. मागून आम्ही मोटारीतून. उंब्रजला थांबून चहा घेतला, टायरला हात लावून पाहिला. दोन तासांत घरी. काहीही घडलं नाही, सांगण्यासारखा एकही किस्सा नाही. जुनी गाडी घरी अशीच यावी.

आठवड्यानं मेहुण्यांचा फोन आला. "दाजी, मी २०१७ ला विकलेली गाडी अजून माझ्याच नावावर दिसतेय हो..." त्यांना मी हसलो नाही. फक्त म्हणालो, उद्याच जा.

तुम्हीही एकदा तपासून बघा. विकलेली शेवटची गाडी आज कोणाच्या नावावर आहे? माहीत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठीच होता.