येरोणी म्हणजे ब्लॅकबेरी नव्हे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त झालं ते पुण्याच्या आमच्या नातीच्या एका प्रश्नाचं. तिच्या आईनं कुठल्याशा मॉलमधून ब्लॅकबेरीचा छोटा डबा आणला होता. नातीनं त्याचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "आबा, तुम्ही लहानपणी काटे लागून घेत खायचे ती येरोणी म्हणजे हीच का?"

मी त्या वेळी चष्मा शोधत होतो. घाईघाईत "हो हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवला आणि मग चैन पडेना. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, वर्गात कोणी "तसंच काहीतरी" असं उत्तर दिलं की त्याला उभं करायचो. आणि आता स्वतःच्या नातीला तेच उत्तर दिलं! म्हणून हा लेख. एक चूक दुरुस्त करावी, आणि त्या चुकीच्या मागे दडलेली दुसरी, मोठी चूक कबूल करावी, एवढाच हेतू आहे.

आधी ब्लॅकबेरीचं पाहू. तिच्या कुळातली, म्हणजे रुबस या प्रजातीतली, एक रानवेल दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाढते. शास्त्रीय नाव रुबस ग्लॉकस. कोलंबिया, इक्वेडोरकडची माणसं तिला 'मोरा' म्हणतात आणि तिचा रस आवडीनं पितात. तिचं शास्त्रीय वर्णन केलं जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञानं. ते वर्णन वाचताना मजा वाटली. लांबलचक, कमानीसारख्या वाकणाऱ्या काटेरी फांद्या, दुसऱ्या झाडांवर रेलून वर चढणाऱ्या. एका देठावर तीन-तीन पर्णिका. खोडावर आणि पानाखाली चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढुरका थर. ग्लॉकस हे नाव त्या थरावरूनच पडलं. पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, मध्ये पुष्कळ पुंकेसर, आणि लालसर-जांभळं फळ. एवढं वाचलं की डोळे मिटून ती वेल दिसते. मी अँडीज फक्त नकाशावर पाहिला आहे, तरी दिसते.

आता आमची येरोणी. तिचं असं वर्णन मराठीत, वऱ्हाडातल्या माणसानं केलेलं, माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. तेव्हा मीच करून पाहतो. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

येरोणी ही धड झाड नाही, धड वेल नाही. एकटी असली तर झुडूप होऊन पसरते. शेजारी बाभूळ, हिवर काही असलं की त्याच्या अंगावर रेलत वर जाते. पानं एकाआड एक, दोन बोटांच्या पेरांएवढी, टोकाला निमुळती. पानाचा तळ तिरका असतो, म्हणजे मधल्या शिरेची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी. तळापासूनच तीन-चार ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. खालच्या बाजूनं बोट फिरवलं तर रेशमासारखी लव लागते. पावसाळ्यात पानांच्या बगलेत हिरवट-पिवळ्या फुलांचे झुबके येतात, फूल ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्याला पाच पाकळ्या असतात, पण त्या पाहायच्या तर भिंगच हवं. फळ आधी हिरवं, टणक. थंडी पडली की काळं कुळकुळीत, मण्यासारखं चकचकीत, वाटाण्याएवढं. चव आंबटगोड, गर नावालाच. आत एक कडक आठळी, ती चघळत शाळेपर्यंतचा रस्ता संपायचा.

आणि काटा! येरोणीची खरी ओळख काट्यात आहे. घरच्या बोरीला बहुतेक जागी काट्यांची जोडी असते, एक सरळ आणि एक वाकडा. येरोणीला बहुधा एकच, आखूड आणि मागे वळलेला. माहुताच्या अंकुशासारखा. त्यामुळे हात आत घालताना काही वाटत नाही, बाहेर काढताना शर्टासकट कातडं धरून ठेवते. जाणता पोरगा हात ओढत नसे. तो उलट थोडा आणखी आत सरकवी, काटा सुटला की मग हळूच वर उचली. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, एकमेकांचं पाहून आलं होतं.

याच काट्यात ब्लॅकबेरी आणि येरोणी यांच्यातला फरक आहे. ब्लॅकबेरीचा काटा गुलाबासारखा, सालीवर उगवलेला. अंगठ्यानं आडवा दाबला की तुटून येतो. येरोणीचा काटा म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असणारं उपपर्णच बदलून झालेलं असतं. बाभळीचे काटेही तसेच. लिंबाचा काटा आणखी वेगळा, तो फांदीचाच अवतार. तीन झाडं, तीन ठिकाणांहून निघालेले काटे. पण अँडीजमधल्या वेलीनं आणि दारव्ह्याच्या वेलीनं वर चढायला युक्ती मात्र एकच काढली. काटा मागे वळवायचा आणि शेजाऱ्याला धरून वर जायचं.

फळाचंही तसंच. ब्लॅकबेरी हे एक फळ दिसतं, पण एका फुलातल्या अनेक बीजकोशांची छोटी छोटी फळं एकत्र चिकटून ते झालेलं असतं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सीताफळ घ्या, त्याचे डोळे मोजा. येरोणी मात्र एका फुलाचं एक फळ, एक आठळी. बोराची धाकटी बहीण ती! तरी नातीचा अंदाज अगदीच वाया गेला असं नाही. नव्या वर्गीकरणात ब्लॅकबेरीचं गुलाबाचं कूळ आणि येरोणीचं बोराचं कूळ ही दोन्ही एकाच गणात येतात. सख्खं नाही, पण लांबचं भाऊबंद म्हणता येईल. त्या गणात वड-उंबरसुद्धा आहेत.

येरोणीचं शास्त्रीय नाव झिझिफस ओएनोप्लिया. लिनियसनं १७५३ साली श्रीलंकेच्या नमुन्यांवरून तिला वेगळ्या प्रजातीत घातलं होतं, १७६८ मध्ये फिलिप मिलरनं तिला बोराच्या प्रजातीत आणलं. दोघांपैकी कोणी हिंदुस्थानात आलं नाही. इंग्रजीत तिला कोल्ह्याचं बोर म्हणतात, आणि संस्कृतातही शृगालकोली, म्हणजे तेच. कोल्हे ही फळं खातात आणि आठळ्या रानभर पेरत जातात.

या प्रांताच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, १९०१ ते १९०८ या काळात निघाला. कुकसाहेब मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. पण त्या ग्रंथात वऱ्हाडाचा विचार नाही, कारण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. आधी निजामाकडून इंग्रजांकडे, मग १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, आणि मुंबईच्या कारभारात आलं ते थेट १९५६ ला. म्हणजे राज्यकारभाराची रेघ जिथे संपली तिथे झाडांची नोंदही थांबली. झाडांना काय, ती रेघ ओलांडून दोन्हीकडे उगवत होती.

इथे मारुती चितमपल्लींची आठवण येते. जून २०२५ मध्ये ते गेले. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी विदर्भाच्या जंगलातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, पक्षिकोश सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्हा मास्तर मंडळींना फार आनंद झाला होता. पण टाळ्या वाजवण्यापलीकडे आम्ही काय केलं? आपापल्या गावच्या धुऱ्यावरचे दहा शब्द तरी लिहून ठेवले का? मी ठेवले नाहीत.

आता ती मोठी चूक सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. मी ज्या गावी होतो तिथे शाळेच्या मागच्या कुंपणाला येरोणीचं मोठं जाळं होतं. मी मराठीचा मास्तर, पण विज्ञानाची जागा रिकामी म्हणून तोही विषय माझ्याकडेच. वनस्पतीचे अवयव शिकवताना मी फळ्यावर जास्वंदीची आकृती काढायचो. पुस्तकात तीच होती ना! मुलं ती वहीत उतरवायची आणि नावं पाठ करायची. तांड्यावरचा एक मुलगा वर्गात होता, अभ्यासात यथातथाच. तो सकाळी खिसाभर येरोण्या आणायचा आणि माझ्या टेबलावर पाच-सहा ठेवायचा. एकदा म्हणाला, "गुर्जी, आमच्या बोलीत हिला दुसरं नाव हाय." मी "बरं बरं, बस खाली" म्हणालो. तास जास्वंदीचा होता.

त्याच वर्षी साहेबांची तपासणी आली. शाळा स्वच्छ दिसावी म्हणून मी श्रमदान काढलं आणि ते जाळं मुलांकडून तोडून, पेटवून टाकलं. सगळ्यांचे हात ओरबाडले गेले. तो पोरगाही तोडत होता, काही बोलला नाही. शेरा चांगला मिळाला. पुढे त्याच्या घरचे ऊसतोडीला गेले आणि त्याचं नाव पटावरून कमी झालं. गोरमाटीतलं ते नाव काय होतं, हे मला आजही माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, एका काटेरी झुडपासाठी एवढं मनाला लावून घेता? मुळातलं म्हणणं ऐका. शेतकऱ्याला रस्ता हवा, हे मला मान्य आहे. आमच्याकडची काळी माती पावसात कशी धरते ते चिखलात अडकलेल्या बैलांनाच विचारावं. २०२१ मध्ये सरकारनं शेत-पाणंद रस्त्यांसाठी योजना आणली, ती गरजेचीच होती. पण पांदण मोकळी करताना जेसीबी दोन्ही बाजूंची झाडोरी एकाच दमात साफ करतो. येरोणी, चिल्हार, घोटवेल सगळी एकाच ढिगात. मोकळ्या झालेल्या जागेत मग रायमुनिया सुखानं वाढते. गंमत पाहा, ही रायमुनियाही अमेरिका खंडातूनच आलेली! तिची ओळख सगळ्यांना, आणि घरच्या येरोणीला मात्र 'काटे' म्हणायचं.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या वावरात गेलो होतो. पांदणीचं काम त्याच्या धुऱ्यापर्यंत आलं होतं. कोपऱ्यातल्या येरोणीकडे बोट करून म्हटलं, "बाबू, एवढी एक राहू देशील का?"

तो हसला. "सर, या काट्यायपायी टॅक्टर अडते. पन तुमी म्हनता त कोपऱ्यातलं ठेवतो. अडवनार नाही ते."

"मला बरं वाटावं म्हणून नको ठेवू. तुझ्या पोराला खायला ठेव."

"पोराले तं मालूमच नाही का खातेत म्हनून!"

यातच सगळं आलं. ज्याचं नाव ठाऊक नाही, चव ठाऊक नाही, त्याला वाचवावं असं कोणाला वाटेल? म्हणून माझं मत असं आहे की वर्णन करणं हे फक्त शास्त्रज्ञांचं काम नव्हे. ते शाळेचं काम आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्यांचं तर नक्कीच आहे. प्रत्येक शाळेतल्या सातवीच्या मुलांनी वर्षातून एका रानझाडाचं वर्णन लिहावं. उपयोग शेवटी लिहावेत. औषधी उपयोग तर जपूनच, कारण प्रयोगशाळेत गुण दिसला म्हणून पाला वाटून पिणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी नुसतं पाहावं. पान एकाआड एक की समोरासमोर? काटा कुठून निघाला, सरळ की वाकडा? फूल कधी, फळ कधी, कोण खातं? आणि सर्वांत शेवटी, वर्गात जेवढ्या बोली असतील तेवढी नावं. वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी, सगळी. एक वही, एक पेन्सिल आणि एक साधं भिंग, याहून जास्त खर्च नाही.

नातीला मी रात्री परत फोन केला. म्हटलं, बेटा, सकाळी आबांनी चूक सांगितली. येरोणी ब्लॅकबेरी नाही, बोराची बहीण आहे. वरचं वर्णन तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ती मला कधी दाखवणार?" पौषात ये, म्हणालो. तोवर कोपरा शाबूत असावा.

तुमच्याकडे येरोणीला काय म्हणतात? कोणी येरुणी म्हणतात, कोणी बुरगी, एवढं मला ठाऊक आहे. आणखी काही नाव असेल तर गावाच्या नावासकट जरूर कळवा. आणि कोणाच्या ओळखीत तांड्यावरची जुनी माणसं असतील, तर गोरमाटीतलं नाव तेवढं विचाराच. चाळीस वर्षं उशीर झालाच आहे, पण मला ते वहीत लिहायचं आहे.